केंद्राचा निधी, राज्याची जमीन आणि खेड्याची बस

(बंगळूर येथे मराठीभाषक पक्षसभासद व हितचिंतक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

केंद्र आणि राज्ये यांच्यातील पैशाच्या वाटणीचा प्रश्न अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा आहे, आपला नव्हे, अशी एक समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही आढळते. वित्त आयोग, विभाज्य निधी, उपकर हे शब्द निघाले की सभेतली माणसे चुळबुळ करू लागतात. परंतु खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात रात्रीची मुक्कामी गाडी बंद होते, शाळकरी मुलीला सकाळी सहा किलोमीटर चालावे लागते, किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या पिकत्या जमिनीत रेल्वेचे खुंट रोवले जातात, तेव्हा त्यामागे हीच वाटणी उभी असते. म्हणून आज मी वाहतुकीच्या पैशाविषयीच बोलणार आहे. हा पैसा येतो कोठून, दिल्लीत जाऊन त्याचे काय होते, परत येताना तो कोणत्या वेषात येतो आणि अखेर कोणाच्या चाकाखाली रस्ता होतो, हे आपण पाहू.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लागोपाठ दोन दिवस दोन राज्यांची सरकारे दिल्लीत जंतरमंतरवर येऊन बसली. ७ तारखेस कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या आपल्या मंत्र्या-आमदारांसह बसले. ८ तारखेस, त्या वेळी केरळचे मुख्यमंत्री असलेले कॉ. पिनराई विजयन यांच्या नेतृत्वाखाली डाव्या लोकशाही आघाडीने धरणे धरले. कर्नाटकाच्या धरण्याची घोषणा होती, ‘नन्न तेरिगे, नन्न हक्कु’, म्हणजे माझा कर, माझा हक्क. पंतप्रधानांनी त्याच दिवशी राज्यसभेत उत्तर दिले. ‘आमचा कर, आमचा पैसा’ ही भाषा देशाचे तुकडे पाडणारी आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अर्थमंत्र्यांनी सांगितले की वाटा वित्त आयोग ठरवतो, माझ्या हाती काही नाही. या अर्थमंत्री राज्यसभेवर निवडून गेल्या आहेत त्या कर्नाटकातूनच, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही. आणि गुजरातचे मुख्यमंत्री असताना दिल्लीकडून आपल्या राज्याला मिळणाऱ्या वाट्याविषयी आजचे पंतप्रधान कोणत्या भाषेत तक्रार करीत, हेही लोक विसरलेले नाहीत.

अर्थमंत्र्यांचे म्हणणे कागदावर खरे आहे. वित्त आयोग वाटा ठरवतो. परंतु कशाचा वाटा? येथेच मेख आहे. २००० साली झालेल्या ८०व्या घटनादुरुस्तीने केंद्राचे जवळपास सर्व कर वाटणीसाठी खुले झाले आणि राज्यांनी समाधान मानले. त्या दुरुस्तीत उपकर आणि अधिभार मात्र वाटणीबाहेर ठेवलेले होते. दार बंद केले पण खिडकी उघडी ठेवली, आणि पुढल्या वीस वर्षांत सगळी आवकजावक त्या खिडकीतून होऊ लागली. २०११-१२ मध्ये केंद्राच्या एकूण करउत्पन्नात उपकर-अधिभारांचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. २०२०-२१ पर्यंत ते वीस टक्क्यांच्या घरात गेले. राज्यांना ४१ टक्के मिळतात असे सांगितले जाते, ते उरलेल्या ऐंशीमधले.

याचे सर्वांत उघडे उदाहरण आपल्याच विषयातले आहे. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात केंद्राने पेट्रोल व डिझेलवरील मूळ उत्पादनशुल्क लिटरमागे दोन रुपयांनी कमी केले, सहा रुपयांचे जादा शुल्क रद्द केले, आणि त्याच दिवशी ‘रस्ते व पायाभूत सुविधा उपकर’ या नावाने आठ रुपये नव्याने बसवले. दोन आणि सहा, आठ. पंपावर दर बदलला नाही, मोटारवाल्याला कळलेही नाही. पण ज्या दोन रुपयांत राज्यांचा वाटा होता तोही केंद्राच्या एकट्याच्या खिशात गेला. मे २०२२ मधील बहुचर्चित कपातीनंतर पेट्रोलवरील केंद्रीय कर लिटरला १९ रुपये ९० पैसे राहिला. त्यापैकी राज्यांशी वाटून घ्यावयाचे मूळ शुल्क होते १ रुपया ४० पैसे! ट्रॅक्टरवाला शेतकरी, रिक्षावाला, दूध घालणारा, एस.टी. महामंडळ हे सगळे रस्त्याच्या नावाने कर देतात. तो कर दिल्लीत जमा होतो आणि कोणता रस्ता करावयाचा हे दिल्ली ठरवते. मग त्या रस्त्याच्या कोनशिलेवर नाव कोरले जाते, आणि दिल्लीहून भेट आल्याप्रमाणे समारंभ होतो.

भेट देतानाही अटी असतात. २०२०-२१ पासून राज्यांना भांडवली खर्चासाठी पन्नास वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज देण्याची योजना केंद्राने काढली. कर्ज बिनव्याजी आहे, म्हणून राज्ये रांगेत उभी राहतात. पण अटींत एक अट अशी की केंद्रपुरस्कृत योजनांची नावे व फलक केंद्राने ठरवून दिल्याप्रमाणे लावले पाहिजेत. राज्याच्या जनतेचा पैसा कर म्हणून न्यावयाचा, तो कर्ज म्हणून परत द्यावयाचा, आणि वर फलकावर नाव आपले लावावयाचे! सावकाराने ऋणकोच्या घरावर स्वतःची पाटी ठोकण्याचाच हा प्रकार झाला.

कर्नाटकाच्या तक्रारीत तथ्य किती, हे आकड्यांवरून पाहू. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात विभाज्य निधीत या राज्याचा हिस्सा ४.७१३ टक्के होता, पंधराव्याने तो ३.६४७ वर आणला. झालेली घट मोठी म्हणून आयोगानेच आपल्या २०२०-२१ च्या अहवालात ५,४९५ कोटींच्या विशेष अनुदानाची शिफारस केली. ते मिळाले नाही. अंतिम अहवालात आयोगाने आणखी ६,००० कोटी सुचवले, त्यात या शहराच्या बाहेरील वर्तुळाकार रस्त्यासाठी ३,००० कोटी होते. तेही मिळाले नाहीत. वित्त आयोग ठरवतो, माझ्या हाती काही नाही, हे वाक्य येथे पुन्हा आठवून पाहा. आयोगाने घटवले ते अंमलात आले आणि आयोगाने वाढवले ते फाईलीत राहिले.

आता रेल्वेकडे वळू. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात रेल्वे केंद्राच्या यादीत आहे. मालकी केंद्राची, भाडे केंद्र ठरवते, उत्पन्न केंद्राचे. असे असताना कर्नाटकात गेली दोन दशके नव्या मार्गांसाठी निम्मा खर्च राज्याने द्यावयाचा आणि जमीन राज्याने फुकट मिळवून द्यावयाची, हा पायंडा पडला. तो दिल्लीत काँग्रेस आघाडीचे सरकार असताना रुळला, हे आजच्या धरणे धरणाऱ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत द्यावा लागतो, आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे ‘निम्मा खर्च आणि जमीन’ याचा अर्थ प्रत्यक्षात निम्म्याहून बराच जास्त होतो.

इतिहास जाणणाऱ्यांना यात ओळखीचे काही दिसेल. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीने इंग्रज रेल्वेकंपन्यांशी करार केले, त्यांत जमीन फुकट आणि भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती. तोटा झाला तर हिंदी रयतेने भरावयाचा. १८५३ च्या ऑगस्टमध्ये मार्क्सने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात लिहिताना दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. रेल्वे या देशात आधुनिक उद्योगाची अग्रदूत ठरेल हे त्याने सांगितले, आणि त्याची फळे येथील जनतेच्या पदरी पडावयाची तर सत्तेचा प्रश्न सोडवावा लागेल हेही सांगितले. सत्ता बदलली. जमीन फुकट देण्याची रीत मात्र टिकून आहे.

बिदर ते कलबुर्गी हा ११० किलोमीटरचा मार्ग घ्या. बिदर, भालकी, बसवकल्याण या भागात मराठी बोलणारी मोठी वस्ती आहे, लातूर-उदगीरशी तिचे रोजचे येणेजाणे आहे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मंजूर झालेल्या या मार्गाचा अंदाज होता ३७० कोटींचा. मार्ग पूर्ण होऊन २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले तेव्हा खर्च १,५०० कोटींच्या वर गेला होता. वीस वर्षे आणि चौपट खर्च! राज्याने निम्म्या खर्चाचा भार उचलला. उद्घाटनात मागच्या सरकारांनी कशी दिरंगाई केली याचा पाढा वाचला गेला. दिरंगाई झालीच होती. पण दरम्यानच्या वीस वर्षांतली सहा वर्षे वाजपेयींचे सरकार होते, हा तपशील त्या पाढ्यात नव्हता.

कोकण रेल्वेची गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या घरातली आहे. १९८९-९० मध्ये दिल्लीत योगायोगाने तीन माणसे एकत्र आली: रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री मधू दंडवते आणि नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे. तिघांचेही या किनाऱ्याशी नाते होते. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले. भागभांडवल केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६. उरलेला पैसा कर्जरोख्यांनी उभा केला. ई. श्रीधरन यांच्या हाताखाली, आणि हे पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे की हजारो कामगारांच्या हातांनी, सह्याद्री फोडून हा मार्ग झाला आणि जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला. हे काम मोठे होते यात शंका नाही. पण पैशाच्या दृष्टीने पाहा. उत्तरेकडील मैदानात केंद्राने स्वतःच्या अर्थसंकल्पातून मार्ग टाकले आणि कोकणच्या गरीब किनाऱ्याला सांगितले की तुम्ही वर्गणी काढा, कर्ज काढा आणि जास्त भाडे भरा. होय, जास्त भाडे! या मार्गावर भाडे आकारताना अंतरच फुगवून धरण्याची पद्धत ठेवली गेली. ज्या मुंबईच्या गिरण्यांना सावंतवाडी-मालवणच्या माणसांनी घाम दिला, त्या माणसांनी गावी जाण्यासाठी देशातल्या इतरांपेक्षा अधिक पैसे मोजले. अखेर कर्जाच्या ओझ्याखाली विकास खुंटला, दुहेरी मार्ग रखडला, आणि विलीनीकरणाची मागणी पुढे आली. गोवा, कर्नाटक व केरळ यांनी संमती दिल्यावर मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही दिली. नाव ‘कोकण रेल्वे’ असेच राहावे आणि राज्याने घातलेले ३९६ कोटी ५४ लाख रुपये परत मिळावेत, अशा अटी घातल्या. नावाची अट वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत आली. फुगवलेल्या अंतराने तीस वर्षे कोकणी प्रवाशाकडून घेतलेल्या पैशाची अट कोणी घातली नाही.

आणि बेळगाव-कित्तूर-धारवाड. हा सुमारे ७३ किलोमीटरचा मार्ग बेळगावचे खासदार व रेल्वे राज्यमंत्री असलेले कै. सुरेश अंगडी यांच्या प्रयत्नाने मंजूर झाला. येथेही निम्मा खर्च व जमीन राज्याची. आखणी झाली तेव्हा नंदिहळ्ळी-गर्लगुंजी भागातील शेतकरी उठले. त्यांचे म्हणणे साधे होते: पिकाऊ जमीन सोडा, शेजारून पडीक जमिनीतून मार्ग न्या. या शेतकऱ्यांत मराठीभाषक आहेत, कन्नडभाषकही आहेत. दिल्लीतल्या आणि बंगळूरच्या नेत्यांनी त्यांना विकासविरोधी ठरवले. कॉम्रेड्स, सीमाभागात प्रत्येक गोष्ट भाषेच्या चष्म्यातून पाहण्याची सवय दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी लावून ठेवली आहे. पण रेल्वेचा खुंट रोवणारा सर्व्हेअर शेतकऱ्याला तुमची मातृभाषा कोणती असे विचारीत नाही.

या सगळ्यावर केंद्राचे ठरलेले उत्तर असे: २००९ ते २०१४ या काळात कर्नाटकाला रेल्वेसाठी वर्षाला सरासरी ८३५ कोटी मिळत, २०२५-२६ मध्ये ७,५६४ कोटी मिळाले, म्हणजे नऊपट! राज्याचे ठरलेले उत्तर असे की त्यात आमचे किती ते सांगा. मग दोघांची जुंपते. १० ऑगस्ट २०२५ रोजी या शहरात मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे उद्घाटन पंतप्रधानांनी केले तेव्हा हेच झाले. मुख्यमंत्री म्हणाले खर्चाचा मोठा भाग राज्याने उचलला, भाजपचे नेते म्हणाले मोदींमुळे मेट्रो आली. दोन्ही बाजूंचे फलक रस्तोरस्ती लागले. त्याआधी सहा महिने, फेब्रुवारी २०२५ मध्ये, मेट्रोचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपये झाले होते. त्या वेळी मात्र राज्याने सांगितले की भाडे केंद्राने नेमलेल्या समितीने वाढवले, आणि केंद्राच्या पक्षाने सांगितले की वाढवण्याची मागणी राज्याची होती. श्रेय घ्यायला दोघे पुढे आले होते, भाड्याचा धनी व्हायला कोणीच आले नाही. उपनगरी रेल्वेची तऱ्हा तर आणखी बोलकी आहे. १४८ किलोमीटर, १५,७६७ कोटी, २० टक्के केंद्र, २० टक्के राज्य, बाकी कर्ज. जून २०२२ मध्ये पायाभरणीच्या वेळी पंतप्रधानांनी चाळीस वर्षे रखडलेले काम चाळीस महिन्यांत करण्याची ग्वाही दिली. चाळीस महिने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरे झाले. त्या दिवशी एकाही मार्गावर गाडी धावत नव्हती.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग ‘माझा कर, माझा हक्क’ ही घोषणा आपणही द्यावी. येथे मला थांबावेसे वाटते, कारण आजच्या भाषणातला मुख्य मुद्दा हाच आहे.

केंद्र राज्यांना लुबाडते हे खरे. राज्यांनी त्याविरुद्ध लढले पाहिजे हेही खरे. या लढ्यात आपण कोणाच्या मागे नव्हतो, पुढे होतो. डिसेंबर १९७७ मध्ये कॉ. ज्योती बसूंच्या पश्चिम बंगाल सरकारने केंद्र-राज्य संबंधांवर निवेदन काढले आणि केंद्राच्या एकूण उत्पन्नापैकी ७५ टक्के राज्यांना द्या अशी मागणी केली, तेव्हा आज जंतरमंतरवर बसणारा पक्ष आपल्याला फुटीर म्हणत होता. २० मार्च १९८३ रोजी याच शहरात हेगडे यांनी दक्षिणेतील मुख्यमंत्र्यांची बैठक बोलावली. एन. टी. रामराव आले, एम. जी. रामचंद्रन आले, पुदुच्चेरीचे मुख्यमंत्री आले. केरळचे काँग्रेसी मुख्यमंत्री आले नाहीत. चारच दिवसांनी इंदिरा गांधींना सरकारिया आयोगाची घोषणा करावी लागली. त्या आयोगाने १९८८ च्या अहवालात अधिभार विशिष्ट कारणासाठी आणि मर्यादित मुदतीपुरताच असावा असे सांगून ठेवले आहे. आज तो अहवाल सर्वच सरकारांच्या कपाटात धूळ खात आहे.

पण हक्क राज्यांचा म्हणणे वेगळे आणि ‘माझा कर’ म्हणणे वेगळे. कर कोणाचा? बंगळूरच्या कार्यालयांत जो कर भरला जातो तो बंगळूरने निर्माण केलेला आहे काय? या शहराच्या इमारती रायचूर-यादगीरच्या, बिहार-ओडिशाच्या मजुरांनी बांधल्या, त्यातल्या कंपन्यांचा नफा देशभराच्या बाजारातून येतो, कर मात्र मुख्य कचेरी जेथे असेल तेथे नोंदला जातो. ‘माझा कर माझ्यासाठी’ हे तत्त्व एकदा मान्य केले की ते दिल्लीच्या वेशीवर थांबत नाही. उद्या बंगळूरचा धनिक म्हणेल, माझा कर बिदरला का? मुंबईचा म्हणेल, माझा पैसा बीड-परभणीला का? आणि असे म्हणणारे आजही आहेत, फक्त सभेत म्हणत नाहीत. त्या धरण्याच्या आठवडाभर आधी काँग्रेसच्या एका खासदाराने दक्षिणेला वेगळ्या राष्ट्राची भाषा करावी लागेल असे म्हटले. ही त्या घोषणेचीच पुढली पायरी होती.

२००२ मध्ये डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने कर्नाटकातले ११४ तालुके मागास ठरवले. अतिमागास ३९ पैकी २६ उत्तर कर्नाटकातले होते. महाराष्ट्रात १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने मराठवाडा-विदर्भाचा अनुशेष मोजून दाखवला, त्यात रस्त्यांचाही अनुशेष होता. या दोन अहवालांचा पाया हाच की समृद्ध भागातून पैसा मागास भागात गेला पाहिजे. बिहार-उत्तर प्रदेशाला वाटा जास्त का, असे विचारणाऱ्या कर्नाटकी मंत्र्याला कलबुर्गीच्या माणसाने हाच प्रश्न उलटा विचारावा. सोळाव्या वित्त आयोगाच्या अहवालात राज्यांचा एकूण वाटा ४१ टक्क्यांवरच ठेवला गेला, आणि देशाच्या उत्पन्नातील योगदान असा नवा निकष घालून कर्नाटकाचा हिस्सा चार टक्क्यांच्या थोडा वर नेला गेला. बंगळुरात समाधान व्यक्त झाले. पण ताटच तेवढे राहिल्यावर एकाला वाढलेला घास दुसऱ्या राज्याच्या वाटणीतून आला. केंद्राने उपकरांच्या खिडकीतून नेलेले तसेच राहिले. राज्यांना आपसांत भांडत ठेवून दिल्लीने आपले ताट झाकून घेतले आहे, हे ज्या घोषणेत दिसत नाही ती घोषणा आपली नव्हे. आपली मागणी ताट मोठे करण्याची आहे: उपकर आणि अधिभार वाटणीत आणा, आणि वाटताना मागास राज्याला, मागास तालुक्याला झुकते माप द्या.

दुसरा प्रश्न याहून कमी विचारला जातो. पैसा आलाच, तर तो कोणाच्या प्रवासासाठी?

मार्च २०२३ मध्ये बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले. त्याचे श्रेय घेण्यासाठीही दोन पक्षांत हमरीतुमरी झाली होती. १ ऑगस्ट २०२३ पासून त्या मुख्य मार्गावर मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदी झाली. रामनगर-मंड्याच्या ज्या शेतकऱ्याची जमीन गेली त्याला त्याच्याच गाडीने त्यावरून जाता येत नाही. महाराष्ट्रात नागपूर-गोवा ‘शक्तिपीठ’ महामार्गाचा आठशे किलोमीटरचा घाट घातला गेला आणि जून २०२५ मध्ये भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींना मंजुरी मिळाली, तेव्हा कोल्हापूरच्या ऊसउत्पादक शेतकऱ्यांनी विचारले की हा रस्ता आम्ही मागितला कधी? याउलट जो रस्ता खेड्याने मागितला, त्या ग्रामसडक योजनेचे काय झाले? डिसेंबर २००० मध्ये ती संपूर्ण केंद्राच्या पैशाने सुरू झाली. २०१५-१६ पासून ६०:४० झाली. हेच ६०:४० डिसेंबर २०२५ मध्ये रोजगार हमीच्या जागी आणलेल्या नव्या कायद्यातही आले. जे गरिबाचे, त्यात राज्याने वाटा उचलावा, हा नियमच होऊन बसला आहे.

आणि बस. देशातल्या ग्रामीण माणसाचे खरे वाहन बस आहे, परंतु तिच्यासाठी दिल्लीत कोणी धरणे धरीत नाही. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने राज्यांच्या महामंडळांत केंद्रानेही भांडवल घालावे अशी व्यवस्था होती. राज्याचे दोन रुपये तर केंद्राचा एक, असे ते चाले. महाराष्ट्राची एस.टी. त्या जोरावर खेडोपाडी गेली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून केंद्राने हा रुपया देणे बंद केले. तेव्हापासून दिल्लीत सर्व रंगांची सरकारे आली. कोणीही तो परत सुरू केला नाही. आता केंद्र बससाठी पैसे देते ते विजेच्या बससाठी, आणि तेही शहरांना. २०२३ ची योजना तीन लाखांपासून चाळीस लाख वस्तीच्या शहरांसाठी, २०२४ ची चाळीस लाखांवरच्या नऊ शहरांसाठी, ज्यातून मे २०२५ मध्ये बंगळूरला सुमारे साडेचार हजार बस ठरल्या. खानापूर कोणत्याच योजनेत बसत नाही. चंदगड नाही, औराद नाही. शिवाय या बस महामंडळाच्या मालकीच्या नसतात. कंत्राटदार गाडी व चालक पुरवतो, महामंडळ किलोमीटरवर पैसे मोजते. उद्या कंत्राट संपले की डेपोत काय उरणार? कंत्राटी चालकाला पगार किती मिळतो, हे या शहरातल्या कोणत्याही विजेच्या बसच्या चालकाला विचारा.

राज्य सरकारही येथे धुतल्या तांदळाचे नाही. ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेने कर्नाटकातल्या स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. या योजनेचे आपण मनापासून स्वागत केले आहे. महाराष्ट्रातली अर्ध्या तिकिटाची सवलतही मोलाची आहे. मजूर बाई, कांदा निवडायला जाणारी बाई, लेकीला भेटायला जाणारी म्हातारी यांना घराबाहेरचे जग उघडले. पण सवलतीचे पैसे सरकार महामंडळांना वेळेवर देत नाही, गाड्या वाढत नाहीत, भरती होत नाही, आणि गर्दीचा सगळा ताण चालक-वाहकाच्या माथी येतो. प्रवाशाला वाटते वाहक उद्धट आहे. दिवसभर दीडपट गर्दीत उभे राहून तिकिटे फाडणाऱ्याची बाजू कोणी ऐकत नाही. चारही महामंडळांतल्या कामगारांनी ३८ महिन्यांच्या वेतनवाढीची थकबाकी मागितली, ५ ऑगस्ट २०२५ रोजी संप पुकारला, तर सरकारने अत्यावश्यक सेवा कायद्याचा बडगा दाखवला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संप स्थगित करावा लागला. दिल्लीपुढे ‘माझा हक्क’ म्हणणाऱ्या सरकारला आपल्या वाहकाचा हक्क दिसला नाही. महाराष्ट्रात २०२१-२२ च्या पाच महिन्यांहून लांबलेल्या एस.टी. संपात आपण काय पाहिले, ते येथे पुन्हा सांगत नाही.

आणि हाच वाहक सीमेवर पहिला मार खातो. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापवला गेला तेव्हा दोन्हीकडे बसवर दगड पडले, काळे फासले गेले, कोल्हापूर-बेळगाव फेऱ्या थांबल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेच्या वादातून एका वाहकाला मारहाण झाली, लगेच महाराष्ट्राच्या एस.टी.च्या एका चालकाच्या तोंडाला काळे फासले गेले, पुन्हा बस बंद. ज्यांनी हे केले ते स्वतःच्या मोटारीने हिंडतात. बस बंद झाली ती बेळगावच्या इस्पितळात येणाऱ्या चंदगडच्या रोग्याची, कोल्हापूरला शिकणाऱ्या निपाणीच्या मुलाची, बाजाराला भाजी नेणाऱ्या बाईची. मराठीभाषक म्हणून आपल्या भाषिक हक्कांविषयी आपली भूमिका स्पष्ट आहे आणि ती आपण सोडणार नाही. पण चालकाला काळे फासून कोणत्याही भाषेचा मान वाढत नाही, हे आपल्या वस्तीत उभे राहून, मराठीतच, आपणच सांगितले पाहिजे. कन्नड कॉम्रेड्स त्यांच्या वस्तीत सांगतील.

तेव्हा येत्या काही महिन्यांत तुम्ही आपापल्या गावी जाल, कोणी खानापूरला, कोणी बिदरला, कोणी कारवारला, तेव्हा एक काम करा. आपल्या तालुक्याच्या डेपोत जा. दहा वर्षांपूर्वी किती गाड्या होत्या, आज किती आहेत, किती मुक्कामी गाड्या बंद झाल्या, कोणत्या गावांच्या, चालक-वाहकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे कामगारांकडून लिहून घ्या. रेल्वेसाठी जमीन जात असेल तेथे किती एकर, कोणाची आणि मोबदला मिळाला की नाही, हे शेतकऱ्याकडून लिहून घ्या. सीमेच्या दोन्ही बाजूंची ही टिपणे एकत्र करून आपण दोन मागण्या जोडीने मांडणार आहोत: रस्ता-उपकर वाटणीत आणावा, आणि १९५० च्या कायद्याप्रमाणे महामंडळांना केंद्राचे भांडवल पुन्हा मिळावे, तेही आधी ग्रामीण डेपोंना. टिपणे मराठीत लिहा, कन्नड भाषांतराची व्यवस्था येथील कॉम्रेड्स करणार आहेत. गावाच्या नावापुढे तालुका लिहायला विसरू नका, कारण एकाच नावाची गावे सीमेच्या दोन्ही बाजूंस पुष्कळ आहेत.